चमचाभर मसूर

प्रिय मानूसो,

तुझा फोटो मिळाला. पांढरीशुभ्र ताटली, मधोमध चमचाभर शिजवलेले मसूर, वर तीन पानं, आणि मागे तू, देवदर्शन झाल्यासारखा चेहरा करून! बाबांना दाखवला. त्यांनी चष्मा लावून नीट पाहिला आणि विचारलं, "बाकीचं कुणी खाल्लं?"

हृदयाचं ऑपरेशन झालं की माणूस शहाणा होतो असं ऐकलं होतं. तू नुसता गिऱ्हाईक झालास. खानियाच्या बंदरावर कोकराच्या बरगड्या भाजून विकत जन्म काढलास, आणि आता अथेन्सजवळच्या त्या आरोग्यधामात वाल, मसूर आणि रानभाजी विकत घेऊन खातोस. आपल्या क्रीट बेटावर ते बांधाबांधावर उगवतं. वर परवा फोन करून बाबांचीच शिकवणी घेतलीस! "बाबा, कडधान्यांत तंतू असतात, रक्तातली चरबी उतरते. भाज्यांनी रक्तदाब ताब्यात राहतो." नव्वदीला टेकलेल्या, अजून स्वतःची ऑलिव्हची झाडं छाटणाऱ्या माणसाला हे तू सांगणार? त्यांनी फोन हळूच टेबलावर ठेवला आणि वालांना पाणी घालायला गेले. तू बोलतच होतास. कांदा चिरता चिरता मी सगळं ऐकलं. त्यात खोटं काहीच नव्हतं, म्हणून तर जास्त संताप आला.

तुझ्या लेकीचं लग्न आठव. बाबांनी आदल्या दिवशी डोंगर पालथा घालून भाजी खुडली, मी तिचं सारण भरून पोळ्या तळल्या, आणि ती भली मोठी परात मांडीवर घेऊन आम्ही बसनं आलो. तू ती दारातूनच मागे न्यायला लावलीस. "बाबा, पाहुण्यांसमोर हे गवत नको. लोक म्हणतील, मानूसोचा बाप शेळ्यांच्या पंगतीला बसतो." पाहुणे हसले. बाबाही हसले. परतताना एवढंच म्हणाले, "मीठ जरा जास्त पडलं असेल गं."

मला कळत नाही असं नाही. आपल्या घरी मांस शिजायचं ते ईस्टरला आणि नाताळात, आणि तुझ्या वाट्याला हाड यायचं. पोरानं मोठं होऊन गरिबी लपवली तर मी समजू शकते. पण तू बापाला लपवलंस. आणि तेच गवत डॉक्टरनं चिठ्ठीवर लिहून दिल्यावर तुझ्यासाठी अमृत झालं! बाबांनी वाढलं तेव्हा त्याला चव नव्हती होय रे?

हे फोनवरही सांगितलं असतं, पण फोनवर तू दुसऱ्याला बोलू कुठे देतोस? आणि जे सांगायचंय ते अजून राहिलंच आहे. माझ्या छातीत गाठ निघाली आहे. सोमवारी हेराक्लिओनला ऑपरेशन, मग उपचार. किती महिने चालतील ते डॉक्टरही नीट सांगत नाहीत. तुझ्या आरोग्यधामातलं जेवण मी जन्मभर जेवले, तरी ही निघालीच. तिथे आहार ठरवून देणाऱ्या बाईंच्या कानावर एवढं जरूर घाल. बाबांना मी गुडघ्याचं ऑपरेशन म्हणून सांगितलंय, तूही तेच सांग. त्यांना एकटं ठेवता येत नाही, आणि परकं माणूस घरात त्यांना चालायचं नाही. हरभरे कधी भिजत घालायचे ते तेच सांगतील, तू फक्त ऐक. सकाळी ते भाजी खुडायला चढावर जातात. बरोबर जात जा. दम लागला तर बस, ते थांबतील. तुझ्यावरचा माझा राग तसाच आहे, मानूसो. पण त्यांना दुसऱ्या कुणाच्या हाती सोपवून मी त्या ऑपरेशनच्या टेबलावर झोपू शकणार नाही. शनिवारची बोट पकड.

तुझीच बहीण,
आर्गिरो