करवंदाची शेवटची बरणी

प्रिय आई,

आज तुझी लोणच्याची बरणी फेकून दिली. रागावू नकोस, आधी ऐक! ते सांगायलाच लगेच कागद घेऊन बसलोय. बोटांना अजून करवंदाचा चीक चिकटलाय, त्यामुळे अक्षर नेहमीपेक्षा वाईट येईल.

तू गेलीस त्या उन्हाळ्यात घातलेलं ते लोणचं. वर फडकं बांधून बरणी तूच माझ्या हातात दिलीस आणि म्हणालीस, "मुरलं की काढा. वाट बघत बसू नका." आम्ही खाल्लं नाही. म्हणजे मी खाऊ दिलं नाही. करुणा एकदा म्हणाली, "अहो, आईंनी खायला दिलंय ते, जपायला नाही." तुझ्या त्या गरीब सुनेवर मी ओरडलो आणि बरणी तुझ्या शालीत गुंडाळून कपाटात तळाशी ठेवली. ती संपली तर तुझ्या हातचं घरात काहीच उरणार नाही, ही भीती होती गं मला.

आज सकाळी उघडली. लोणावळ्याचे दोन पावसाळे गेले, ओल कपाटात शिरल्याशिवाय राहते का? वरपासून खालपर्यंत बुरशी! शालीलासुद्धा वास. मी फरशीवर बसून ढसाढसा रडलो.

आणि रडताना आठवला तो मान्ना! चर्चच्या संडे स्कूलमध्ये तू ती बायबलमधली गोष्ट सांगायचीस. रानात देव रोज पहाटे लोकांना अन्न द्यायचा, आणि ज्यांनी ते उद्यासाठी लपवून ठेवलं त्यांच्या भांड्यात किडे पडले. मी उभा राहून विचारलं होतं, "त्यांच्याकडे घट्ट झाकणाचा डबा नव्हता का?" सगळी पोरं हसली, तूही हसलीस. बघ, पन्नाशी आली तरी मी झाकणच घट्ट करत बसलो होतो.

तुझ्या आजारपणातही तेच केलं. तळेगावच्या कंपनीत माझं काम पुढच्या महिन्याचं नियोजन करायचं, आणि घरीही पुढची तपासणी, पुढचा डॉक्टर. "सुहास, बस ना जरा," तू म्हणायचीस. "एवढा फोन झाला की बसतो!" त्या दुपारी तू वरणभात कालवलास आणि पहिला घास माझ्यापुढे धरलास. मी फोन कानाला लावून बोटानंच 'थांब' म्हटलं. तू घास परत ताटात ठेवलास. त्याची मला फार लाज वाटते, आई.

पण तुझंही चुकलंच! मला ओळखत होतीस ना? मग बरणी करुणाच्या हातात का नाही दिलीस?

माझं रडणं चालू असतानाच दारात ठकूमावशी. तुझी मैत्रीण, दर उन्हाळ्यात आंदर मावळातून येऊन तुझ्याबरोबर मागच्या टेकडीवर करवंदं तोडणारी. तिनं बरणी पाहिली, मला पाहिलं.

"आरं, येका बरणीपायी रडतुयास व्हय? जाळ्या लय लगडल्यात तितं. तुजी आय तर निम्मी करवंदं उभ्या उभ्याच खायाची. ऊट, चल!"

गेलो तिच्या मागं. आणि काय सांगू तुला! एकाच फांदीवर हिरवी, लाल, काळी करवंदं, काट्यांत दाटून बसलेली. कुणी पाणी घातलं नव्हतं, कुणी नियोजन केलं नव्हतं. तू नव्हतीस, आणि तरी जाळी भरली होती! आधी मला त्याचाच राग आला. मग एक काळं करवंद तोंडात टाकलं आणि राग कुठे गेला कळलंच नाही. पन्नास वर्षं या टेकडीखाली राहिलो, पण ती आज पहिल्यांदा बघत होतो. खिशात फोन वाजला, वाजू दिला. इतक्या जवळ देव असतो? आणि तुला हे रोज दिसायचं?

तू जेवणाआधीची प्रार्थना डोळे उघडे ठेवून करायचीस. ताटात बघून एकेका पदार्थाचं नाव घेऊन देवाचे आभार मानायचीस, "या भेंडीबद्दल, या भाताबद्दल," आणि आमटी गार व्हायची म्हणून आम्ही कुरकुरायचो. आज दुपारी मी तशीच प्रार्थना केली. या भाकरीबद्दल, या पिठल्याबद्दल, समोर बसलेल्या करुणाबद्दल. तिनं चमकून डोळे उघडले.

हिरवी करवंदं वेगळी काढून ठकूमावशीनं करुणाला तुझं प्रमाण सांगितलंय. लोणचं मुरलं की बरणी उघडणार. तुझ्यासारखं झालं नाही तरी चाटूनपुसून संपवणार, हा माझा शब्द. आणि कुणी घास पुढे धरला, तर आधी तोंड उघडीन.

अजून पुष्कळ लिहायचं होतं. पण करुणा चहाला हाक मारतेय. "एवढं पत्र झालं की येतो," असं अगदी ओठांवर आलं होतं बघ.

जातो, आई.

तुझा,
सुहास