एकतीस चिठ्ठ्यांचे प्रकरण

लोणावळे, ता. ११ फेब्रुवारी १९१७

तीर्थरूप दत्तोबामामांस कोंडाजीचा साष्टांग नमस्कार. आपल्या गुडघ्याला उतार पडला असेल, मामींचा खोकला गेला असेल आणि बेडशात सगळी मंडळी खुशाल असतील, असे धरून चालतो. मी मात्र खुशाल नाही.

प्लेगामुळे आमचे कॉलेज पुण्याहून इथे एका पारशाच्या बंगल्यात आले, हे आपणांस ठाऊकच आहे. (गणिताचा वर्ग तबेल्यात भरतो.) आता प्रिन्सिपॉलसाहेबांनी विलायतेहून नवे खूळ आणले आहे. प्रोफेसर कसा शिकवतो ते पोरांनी निनावी चिठ्ठीवर लिहायचे आणि ते वाचून प्रोफेसराने सुधारायचे! उद्या रोग्याने वैद्याची नाडी पाहावी. माझी नेमणूक कायम करायची की नाही, तेही म्हणे यावरच ठरणार. बारा वर्षे भूमिती घासली, आणि आता मिसरूड न फुटलेल्यांकडून दाखला आणायचा.

पोरांनी मनमोकळे लिहावे म्हणून मराठीत लिहा, असा हुकूम सुटला. पोरांनी सवयीने मोडीत लिहिले. साहेबाला कशीबशी बालबोध वाचता येते. मोडी पाहून तो डोके धरून बसला. मग नक्कल करायला मोडी जाणणारा माणूस शोधला, तो निघालो मीच. (माझ्याबद्दलची मते मीच उतरवायची! विलायतेत अक्कल मिळत नाही ती अशी.) चिठ्ठ्या एकतीस. कागद चार बोटांचा, त्यात गुरूला लिहायचे म्हणून मायना लांबलचक. अकराजणांचे मत ‘विनंती विशेष’ इथेच कागदाबाहेर गेले. नऊजणांनी खानावळीतल्या आमटीवर लिहिले. बाकीच्यांनी मला दीर्घायुष्य चिंतिले. याच्यावरून मी सुधारायचे!

राहिली एक. अक्षर पाहताच ओळखले, तुमच्या शेजारच्या झुंबरबाईचा हौशीराम. लिहितो, सरांना विषय येतो, आमाला कुटं अडतं ते कदी इचारत न्हाईत. माझे पित्त खवळले. दुसऱ्या दिवशी भर वर्गात त्याच्या हातात खडू दिला आणि म्हटले, या प्रोफेसर हौशीराम, तुम्हीच शिकवा. वर्ग खदाखदा हसला. त्याने माझ्या आकृतीतली पहिली रेघ सोडून लगेच दुसरीवर बोट ठेवले.

“सर, मला हितनंच कळत न्हाई. म्हणून लिवलं.”

खडू ठेवून गेला तो गेलाच, थेट बेडशाला. गेला तर गेला, ब्याद टळली. एवढा नाकाला झोंबणारा विद्यार्थी हवाय कुणाला?

मामींना नमस्कार.

आपला,
कोंडाजी

ता. क. : त्या चिठ्ठीची नक्कल मी ‘सर जीव तोडून शिकवतात’ अशी केली. साहेब खूश, नेमणूक कायम. ही गोष्ट तुमच्याशिवाय कोणाला कळता कामा नये.

ता. क. दुसरा : काल तीच आकृती पुन्हा काढली. समजले का, म्हणून विचारले. तिसांच्या तिसांनी माना डोलावल्या. एकेकाला फळ्याशी बोलावले, तर दुसऱ्या रेघेपुढे एकही जाईना. मामा, बारा वर्षे मी या डोलणाऱ्या मानांना शिकवत होतो. काहीही करून त्याला परत पाठवा.

ता. क. तिसरा : बेडशात तुम्हाला पत्र वाचून दाखवणारा दुसरा कोण आहे, हे मला लिहायला बसतानाच ठाऊक होते. हौशीराम, मधले काही गाळू नकोस. चुकलो मी. गुरुवारी कामशेतहून सकाळच्या गाडीने ये.