सर्व जुन्या पायलटांस आग्रहाचे निमंत्रण

१ सप्टेंबर

ठरलं. बावीस-तेवीस नोव्हेंबरला आमच्या जुन्या स्क्वाड्रनचं स्नेहसंमेलन. स्थळ : कोरगाव, माझं अंगण. शनिवारी गोव्यातल्या विमानविषयक वारसास्थळांची सहल. रविवारी जेवण, आठवणी, गावातर्फे सत्कार. सत्कार कुणाचा ते गावानं ठरवावं. मी आग्रह धरणार नाही.

जुन्या वहीत एक्केचाळीस पत्ते सापडले. रोज चार फोन, म्हणजे अकरा दिवसांत काम फत्ते. आजपासूनच सुरुवात करणार होतो, पण गुडघा धरला.

देवकीला सांगितलं. ती म्हणाली, रांदतलें कोण? या बाईला वारसा कशाशी खातात ते माहीत नाही. स्वयंपाकाचंच तेवढं माहीत.

५ सप्टेंबर

चार फोन केले. दोन नंबर अस्तित्वात नाहीत. एक माणूस अस्तित्वात नाही. त्याच्या मुलीनं सांगितलं, मार्चमध्ये गेले. नंतर बराच वेळ फोनला हात लावला नाही.

चौथा कानपूरचा. कोण सगुण, म्हणाला. मी नाव, वर्ष, जामनगर, सगळं सांगितलं. शेवटी म्हणाला, हां हां, ट्रॅक्टर! लाइन खराब होती. ठेवून दिला.

९ सप्टेंबर

यादीत सगळ्यात जवळचा यशवंत, सावंतवाडीचा. आम्ही अकरा वर्षं एकाच सेक्शनला. तासा-दीड तासावर राहतो. त्याला सगळ्यांत शेवटी कळवीन. जवळच्या माणसांना घाई नसते. शिवाय तो फार बोलतो.

एक गोष्ट इथं स्पष्ट करून ठेवतो. गाव मला पायलटकाका म्हणतं. म्हणा असं मी कधी म्हटलं नाही. नका म्हणू, असंही म्हटलं नाही. मी ब्याण्णव साल संपता संपता निवृत्त होऊन आलो तेव्हा देवळाकडे कुणीतरी विचारलं, विमानं चालवायचास? मी म्हटलं, हँगरपासून धावपट्टीपर्यंत प्रत्येक विमान माझ्या हातातून जायचं. यात खोटं एक अक्षर नाही. पुढचा भाग दुसरं कुणीतरी बघायचं, पण तो तपशील झाला.

१८ सप्टेंबर

म्हापशाहून येताना बस चुकली. भाड्याच्या मोटरसायकलवर यावं लागलं. गोव्यात हे लोक स्वतःला पायलट म्हणवतात! पिवळा मडगार्ड लावला, मागे एक बाई आणि तिची भाजीची पिशवी बसवली की झाला पायलट. सरकारही म्हणतं. या शब्दाची एवढी विटंबना जगात कुठं झाली नसेल.

आणणारा गोकुळदास, पेडण्याच्या स्टँडवरचा. वाटेत म्हणाला, काका, तुमीय पायलट, आमीय पायलट. मी म्हटलं, बाबा, तू रस्त्याकडे बघ.

२ ऑक्टोबर

वारसास्थळं निश्चित केली.

एक : बोगमाळ्याचं नौदलाचं विमान संग्रहालय. ते नौदलाचं आहे, पण मोठं मन दाखवू.

दोन : मोपाचं पठार. नवा विमानतळ आहे, वारसा व्हायला वेळ लागेल. आपण आधी जाऊन ठेवू.

तीन : सरस्वतीबाईंचं खुराडं. आमच्याच वाड्यावर. एकसष्ट साली, गोवामुक्तीच्या वेळी, विमानं इथून गेली तेव्हा एकाचा पत्रा निखळून पडला आणि तो आज सरस्वतीबाईंच्या कोंबड्यांवर छप्पर म्हणून आहे. हा माझा शोध. रिबिटांच्या ओळी बघताच ओळखलं. आज त्यांना विचारलं तर म्हणाल्या, अरे, विमानाचो खंयचो? मोडक्या बसीचो पत्रो तो, घोवान हाडिल्लो. नवऱ्यानं आणला, त्यामुळे यांना मुळाचं काय माहीत असणार? अ‍ॅल्युमिनियम गंजत नाही हे मी जाणतो. हा पत्रा किंचित गंजला आहे. खारी हवा.

फोन राहिले. उद्यापासून रोज आठ.

२० ऑक्टोबर

दिवाळी. पोहे पाच तऱ्हेचे. फोन शून्य.

२८ ऑक्टोबर

आढावा. एक्केचाळीसपैकी होकार सहा. आमचे सीओ साहेब प्रमुख पाहुणे म्हणून येतो म्हणाले होते, आज व्हॉट्सअ‍ॅपवर गुडघ्याचा एक्स-रे पाठवला. खाली काही लिहिलं नव्हतं. उरले पाच.

फार दमलो. पण पाच म्हणजे कमी नव्हेत. पाच विमानांनी आम्ही काय काय केलं आहे!

देवकीनं विचारलं, यशवंतभावजींक सांगलें? म्हटलं, करतो.

३ नोव्हेंबर

कल्पना सुचली. पेडणे आणि डिचोली या दोन तालुक्यांत वायुसेनेतले निवृत्त लोक असणारच. त्यांना बोलावलं की अंगण भरेल. पत्रक छापायला साखळीला गेलो, देवकीच्या भाच्याच्या, रुद्रेशच्या दुकानात. मी मजकूर नेला होता : ‘सर्व माजी वायुसैनिकांचे स्नेहसंमेलन.’ रुद्रेश म्हणाला, मामा, वायुसैनिक कोणाक कळचो ना. लोक म्हणतले, गॅसवाले. पायलट घाला. सोपें.

विचार केला. सोपी भाषा हेच खरं. शिवाय ‘पायलट’ मी लिहिलं नाही, त्यानं सुचवलं.

एक शंका आली होती, ती मोटरसायकलवाल्यांची. म्हणून वर भलं मोठं विमान छापून घेतलं. आता गैरसमजाला जागा नाही.

‘पेडणे, डिचोली तालुक्यांतील सर्व जुन्या पायलटांस आग्रहाचे निमंत्रण. रविवार, सकाळी अकरा. जेवणाची सोय आहे.’ खाली माझा फोन. दोनशे प्रती. पेडणे बाजार, साखळी बसस्टँड, डिचोली, सगळीकडे लावल्या. दोन तर फोंड्याला जाणाऱ्या बसच्या मागच्या काचेवर.

११ नोव्हेंबर

प्रतिसाद प्रचंड! दिवसाला पाच-सहा फोन. इतके वैमानिक आपल्या मातीत लपलेले होते आणि कुणाला पत्ता नाही.

एकानं विचारलं, स्टँडाचें कितें? मी सांगितलं, उभं राहून जेवण नाही, पंगत आहे, टेबलं-खुर्च्या आहेत. दुसऱ्यानं विचारलं, बॅज हाडूंक जाय? म्हटलं, अवश्य, अभिमानानं छातीवर लावून या. तिसऱ्यानं विचारलं, कागदपत्रं? असं काटेकोर वळण फक्त फौजेतच लागतं. भरून आलं.

१५ नोव्हेंबर

स्क्वाड्रनच्या पाचांपैकी तिघांना नातवंडं आहेत. नातवंडं म्हणजे नकार. चौथ्याला सून परवानगी देत नाही. पाचवा फोन उचलत नाही. सहलीची मिनीबस रद्द केली.

१७ नोव्हेंबर

देवकीनं यशवंतला परस्पर फोन केला. तो येतोय. त्यानं तिला विचारलं म्हणे : सगुण अजून तसोच गे?

ही वही माझ्याशिवाय कुणी वाचत नाही, म्हणून लिहितो. मला भीती वाटते. यशवंतला सगळं माहीत आहे. त्यानं पंगतीत तोंड उघडलं की बत्तीस वर्षांचं नाव कोशिंबीर वाढून होईपर्यंत जाईल. शाळेत पंधरा ऑगस्टला झेंड्यापाशी मला उभं करतात. पुढच्या वर्षी कुणाला करतील?

निश्चय : यशवंतला आधीच फोन करून नीट समजावायचं.

२० नोव्हेंबर

फोन हातात घेतला. काय समजावायचं ते ठरेना. ठेवला. पोदेराकडे दोनशे उंडे पाव सांगून आलो, हे तरी झालं.

२२ नोव्हेंबर

वारसा सहल. सहभागी : मी.

संग्रहालय लांब पडतं. मोपाला गेलो. कुंपणाबाहेर उन्हात दगडावर बसलो. लांबून एक विमान ट्रॅक्टर लावून मागे ढकलत होते. ड्रायव्हरनं वळण जरा लवकर घेतलं. मी असतो तर आणखी दहा पावलं थांबलो असतो. विमान उडालं तेव्हा मी त्याच्याकडे बघतच नव्हतो, ट्रॅक्टर कुठं लावतात ते बघत होतो.

वीस वर्षांच्या नोकरीत एकदाही वर गेलो नाही. एकदा जोधपूरला नेणार होते. ऐन वेळी सामान जास्त झालं आणि मला उतरवलं. हे देवकीलाही सांगितलेलं नाही.

खुराडं राहिलं. सरस्वतीबाईंनी पत्र्यावर सांडगे वाळत घातलेत.

२३ नोव्हेंबर, सकाळी साडेदहा

अंगण सज्ज. खुर्च्या चाळीस. सदरा इस्त्री केलेला. पदकं दोन, चमकवलेली. तिठ्याकडून इंजिनांचा आवाज येतोय. बराच आवाज आहे.

२३ नोव्हेंबर, संध्याकाळी पाच

सदतीस मोटरसायकली. सदतीस पिवळे मडगार्ड. पेडणे, साखळी, डिचोली आणि बसच्या काचेमुळे चार फोंड्याचे. सगळ्यांच्या छातीवर बॅज. पुढे गोकुळदास, हातात माझ्यासाठी हार. मी म्हटलं, अरे, हे तुमच्यासाठी नव्हतं. तो म्हणाला, काका, ‘जुने पायलट’ म्हणून तुमीच लिहिलां न्हय? वर विमानाचें चित्र. आमकां कळ्ळें. मोपाच्या विमानतळार आमकां स्टँड मेळोवपाचो अर्ज. तुमी आमचे मुखेल, फुडारी.

विमानाच्या चित्रामुळेच आले. मी गैरसमजाला जागा ठेवली नव्हती, धावपट्टी आखून दिली होती.

गोकुळदासच्याच मागच्या सीटवरून यशवंत उतरला. पार वाळलाय. काठी आहे. म्हणाला, काय रे सगुण, माका बोलवूक इसारलंस? त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

देवकीनं पंगत बसवली. खतखतं, सोलांची कढी, उंडे. कुणी माघारी गेलं नाही. जेवता जेवता गोकुळदासनं मोठ्यानं विचारलं, पायलटकाका, तुमी खंयच्या स्टँडार आशिल्ले?

यशवंतचा घास हातातच राहिला. तो माझ्याकडे बघत नव्हता, पानाकडे बघत होता. तो काही बोलणार नव्हता, हे मला तेव्हा कळलं. बोलायचं माझ्यावर सोडलं होतं त्यानं.

जामनगर, मी म्हटलं.

पयस रे, खूब लांब, कुणीतरी म्हणालं. गाडी खंयची? ट्रॅक्टर, मी म्हटलं. आणि फाटल्या सीटार कोण बसतालो?

विमान, मी म्हटलं. विमान ओढायचो. उडवलं कधी नाही. बसलोही नाही.

वाटलं, आता हसतील. कुणी हसलं नाही. साखळीचा एक म्हातारा पायलट कढीचा वाडगा खाली ठेवून म्हणाला, म्हणजे पॅसेंजर आमच्यापेक्षा जड. मान हलवून परत जेवायला लागला. यशवंत म्हणाला, ह्येच्या हातसून कधी एका विमानाक चरो पडूक नाय. एवढंच.

देवकी वाढत होती. डाव थांबलाही नाही. म्हणाली, हें म्हाका लग्ना पयलीं सावन खबर. बापायन जामनगराक पत्र घालून विचारिल्लें.

जेवणानंतर अर्ज भरला. मोपाच्या स्टँडसाठी सदतीस सह्या झाल्या. गोकुळदास म्हणाला, काका, तुमचीय जाय, मुखेलाची. मी म्हटलं, मी पायलट नाही. तो म्हणाला, बरोवया रे, कोण पळयता?

खरंच, कोण बघतं? नाव, गाव लिहिलं, सही केली. शेवटच्या रकान्यात बॅज नंबर मागितला होता. तिथं माझा सर्व्हिस नंबर लिहिला. आठवावा लागला नाही.