पडद्याबाहेरचे साडेसात फूट

१५ फेब्रुवारी १९६६, मंगळवार
ऑफिस. जमिनीच्या हद्दकायम मोजणीचे दोन अर्ज आले, एक परत केला. दुपारी डबा अर्धा खाल्ला. संध्याकाळी नदीकाठच्या तंबूत पिक्चर पाहिला.

पिक्चर मला आवडत नाहीत. पण यात दौंड स्टेशनचा सीन आहे आणि त्यात खुर्शिद आहे. चार वर्षांपूर्वी आम्ही तिच्या भावाकडे सोलापूरला निघालो होतो. प्लॅटफॉर्मवर शूटिंग चालू होतं. मी लगेजच्या वजनावरून क्लार्कशी बोलायला खिडकीवर गेलो होतो. परत आलो तर ही सांगते, मला पिक्चरमध्ये घेतलं, पेटीवर बसले होते तशीच, डाव्या कडेला. पुण्यात लागला तेव्हा चला म्हणाली. मी म्हटलं, शिरूरला येईलच की. आला. ती गेल्या जूनमध्ये गेली.

सीन सातव्या रिळात. पेटीचा कोपरा दिसला आणि पेटीवर टेकलेला एक हात. बांगड्या तिच्याच. तिथे पडदा संपला.

तंबूचे मालक पोपटराव यांना विचारलं. म्हणाले, "स्कोपचं पिक्चर हाय, मोजणीसाहेब. लई रुंद असतंय. आपला पडदा जुना, त्यात मावत न्हाई. दोन्ही अंगानं थोडं थोडं बाहीर जातंय." बाहेर म्हणजे कुठे? तर म्हणाले, "पडद्याकडं तंबू उघडाच हाय. डावीकडचं त्या बाभळीवर पडतंय."

मला वाईट वाटलं नाही. प्रमाणाची चूक आहे, एवढंच. उद्या जायचं कारण नाही.

१६ फेब्रुवारी, बुधवार
गेलो. चूक दाखवून देणं माझं काम आहे, म्हणून.

सातवं रीळ लागलं तेव्हा आधी बाहेर येऊन बाभळीपाशी उभा राहिलो. उजेड पडत होता. पानं हलताना दिसली. बाकी काही नाही.

नंतर मशीनवरच्या अमजदमियाँकडून सगळं समजून घेतलं. सोपं आहे. फिल्मवर चित्र दोन्ही बाजूंनी दाबून अरुंद केलेलं असतं. मशीनपुढे एक भिंग लावतात, ते चित्राला पुन्हा रुंद करतं. उंची तेवढीच, रुंदी दुप्पट. भिंग काढलं तर सगळं चित्र पडद्यात मावतं. फक्त माणसं थोडी बारीक दिसतात.

मग काढा, म्हटलं, त्या एका सीनपुरतं. अमजदमियाँ म्हणाले, "चाचा, लोग मारेंगे." मी समजावलं, थोडं बारीक दिसल्याने कोणाचं बिघडत नाही. शेवटी कबूल झाले. मशीन पुढे घेतलं तर सगळंच बसेल, हेही मी पोपटरावांना सुचवलं. मशीन लॉरीवर आहे आणि लॉरी पुढे आणली तर पब्लिक टपावर बसवू का, असं त्यांनी विचारलं. मी आवाज चढवला नाही. अमजदमियाँ म्हणतात चढवला.

१७ फेब्रुवारी, गुरुवार
भिंग काढलं.

हिरॉईन उसाच्या कांड्यासारखी. इंजिन उंटासारखं. तंबूत एकच गलका. मागून कोणी ओरडलं, "आरं, ह्यांना जेवाया घाला!" शिट्ट्या. पोपटराव मशीनकडे धावले.

डाव्या कडेला खुर्शिद होती. पूर्ण. गाल बसलेले, गळा लांब, मनगटं काड्यांसारखी.

ती अशी नव्हती. अशी मे महिन्यात झाली होती, दवाखान्यात. त्याआधी एसटीत बसलो तर दोघांच्या सीटवर पाव भाग माझा, बाकीचा तिचा. मी टेकायला जागा मागितली तर म्हणायची, उभे राहा, तब्येतीला चांगलं.

चुकीच्या मापाचा नकाशा आपण रद्द धरतो. हेही रद्द धरलं.

चूल पेटवली नाही. भूक नव्हती. पिक्चरशी त्याचा संबंध नाही.

१८ फेब्रुवारी, शुक्रवार
ऑफिसला रजा. कारण: प्रकृती. न्हावऱ्यावरून एसटीने दौंड. सोबत टेप नेला.

प्लॅटफॉर्मवर पेटी ठेवली होती ती जागा नळापासून अकरा फूट चार इंच. खांबापासून सहा फूट. दोनदा मोजलं. याचा नक्की उपयोग काय ते अजून ठरलेलं नाही, पण मापं हाताशी असावीत.

भीमा नावाचा जुना हमाल जवळ येऊन काय हरवलंय का विचारू लागला. शूटिंगचं सांगितलं. म्हणाला, "व्हय, आठवतंय की! पेटीवर बसल्याली, अंगानं भरल्याली बाई? तुमची व्हय ती? शूटिंगवाल्यांनी धा बारी सांगितलं तिला, बाई, म्होरं बघा. तर ती आपली तिकिटाच्या खिडकीकडंच बघतीया. म्हनाली, आमचं मानूस गेलंय तिकडं, अजून आलं न्हाई."

लगेजचा नियम मला पाठ होता. क्लार्क चुकत होता. वीस मिनिटं लागली, पण मी त्याला कबूल करायला लावलं.

परतीची एसटी उशिरा. उभ्याने आलो. तब्येतीला चांगलं.

१९ फेब्रुवारी, शनिवार
आज प्रश्न सुटला. चार दिवस लोक चित्र लहान करायच्या मागे होते. पडदा मोठा करायचा, हे कोणालाच सुचलं नाही.

पडदा वीस फूट रुंद, पंधरा उंच. स्कोपचं चित्र तेवढ्याच उंचीला सव्वापस्तीस फूट रुंद हवं. म्हणजे प्रत्येक बाजूला साडेसात फूट आणि वर दीड इंच. आमच्या पलंगाची पांढरी चादर नऊ बाय साडेसात. दीड इंच सोडून दिला. उंचीला सहा फूट कमी पडते, पण सीनमध्ये तिथे आकाश आहे. आकाशाची गरज नाही.

पोपटराव म्हणाले, "आन् उजवीकडं?" उजवीकडे आपलं कोणी नाही, म्हटलं.  मग ते म्हणाले, "लावा. उद्याचा शेवटचा खेळ हाय. पर वाऱ्याचं तुम्ही बघायचं."

शेजारच्या सरूबाईंनी चादर धुऊन दिली. काठाला पट्टी शिवून दिली. खुर्शिदशी त्यांचं रोजचं बसणं होतं. म्हणाल्या, "भाऊजी, ह्यांना घेऊन जावा बांबू धराया." त्यांचे मारुतराव चांगला माणूस. पण त्यांचं कुंपणसुद्धा सरळ नाही. नको म्हटलं. दोन बांबू, चार खुंट्या, दोर आणि ओळंबा एवढ्यात काम होतं. उद्या मी दुसऱ्या ओळीत मध्यावर बसून पाहणार. तिथून कोन सर्वांत कमी पडतो.

२० फेब्रुवारी, रविवार
दुपारी चारलाच चादर लावली. पडद्याला टाचली, बाहेरची कड बांबूला. ओळंबा धरून लंब तपासला. बिनचूक. पोपटरावांनीसुद्धा मान हलवली. सरूबाई आळीतल्या सगळ्या बायका घेऊन आल्या. मी त्यांना बोलावलं नव्हतं.

पहिली तीन रिळं उत्तम. चादरीवर झाडं आली, टांगा आला, एकदा अर्धा घोडा आला. लोकांनी टाळ्या दिल्या. उजवीकडच्या बाकांवरून मात्र ओरड, "आमचं गोधडं कुठाय?"

चौथ्या रिळात वारा सुटला. एक खुंटी उपटली. मारुतराव न सांगता उठले आणि बांबू धरून उभे राहिले. धरला, पण तिरका. वरच्या टोकाला वीतभर. सहाव्या रिळापर्यंत मी गप्प बसलो. मग विचार केला, ती येईल तेव्हा वाकडी नको दिसायला. सीनला अजून वेळ होता. एक मिनिटाचं काम.

मागे गेलो. मारुतरावांना बाजूला केलं. ते म्हणाले, "आवो, तुम्ही बसा की म्होरं, मी धरतो!" मी ओळंबा सोडला. वाऱ्याने दोरी हलत होती, ती थांबेपर्यंत थांबावं लागतं. थांबली. बांबू सरळ केला. अगदी सरळ.

तेवढ्यात पुढे बायकांचा आवाज झाला, "खुर्शिदबी! ती बघा, खुर्शिदबी!"

मान वर केली. चादरीवर गाडी जात होती.

अमजदमियाँ म्हणतात, पुरते सहा सेकंद होती.

खेळ संपल्यावर तेवढं रीळ पुन्हा लावता येईल का, म्हणून विचारलं. पोपटराव नाही म्हणाले नाहीत. पण पिक्चरची पेटी रात्रीच्या गाडीला दौंडला जायची होती. जीप उभी होती, इंजिन चालू. जाऊ द्या, म्हटलं. मलाही उद्या ऑफिस आहे.

वाटेत सरूबाई थांबत नव्हत्या. "आगदी तश्शी वो, भाऊजी! गोल गाल, हात ह्ये एवढाले. आपल्यात बसल्यावानी. पर सारखी मान वळवून बघत हुती. कुणाला बघत हुती वो?"

माहीत नाही, म्हटलं.

मारुतराव म्हणाले, "चादर मातूर सरळ हुती."

२१ फेब्रुवारी, सोमवार. सकाळ.
नदीकडे जाऊन आलो. तंबू गेला. खुंट्यांची भोकं आहेत. बाभूळ आहे.

ऑफिसला उशीर झाला आहे. चादर धुवायला नको, फारशी मळलेली नाही. फक्त घडी घालायची. या चादरीच्या घडीला दोन माणसं लागतात. ती तिकडचं टोक धरायची आणि म्हणायची, ओढू नका, पुढे या.

दोन टोकं खिडकीच्या गजाला अडकवली. उरलेली दोन हातात घेऊन मागे सरलो, मग पुढे गेलो. एका बाजूला वीतभर जास्त आली. उलगडून पुन्हा घातली. पुन्हा तेवढीच आली. तशीच पेटीत ठेवली.