सिस्टर हेडविगचं अडखळणं

चेपरेग, १२ नोव्हेंबर १९४४

चि. पिरोश्का हिस, ताईचे अनेक आशीर्वाद.

मठात तू सिस्टर हेडविग असशील. मला ते नाव लिहिताना परक्या बाईला पत्र घातल्यासारखं वाटतं. बुडापेस्टमध्ये हिटलरच्या बाजूच्या हिरव्या शर्टवाल्यांचं राज्य आलंय, ज्यूंना घराघरांतून ओढून नेतात, असं पाद्रीबाबा सांगत होते. तुझ्या मठाच्या वसतिगृहात म्हणे एकाएकी मुली वाढल्यात. मी काही विचारत नाही. पण नाताळला घरी ये. तुझे भावोजी गेल्यापासून खसखशीचा रोल केला नाही. एकटीसाठी कोण खटाटोप करणार?

तुझ्या वाटेकडे डोळे लावलेली,
एतेल्का

बुडापेस्ट, ३ डिसेंबर १९४४

ती. ताईस सा. न. वि. वि.

हे पत्र टपालाने नाही, ओळखीच्या बाईंच्या हाती पाठवतेय, म्हणून खरं लिहिते. वाढलेल्या मुली ज्यूच आहेत. ब्लांका नावाच्या शिक्षिकेला तर आम्ही ननचा वेष चढवलाय. मी तिला म्हटलं, बाई, आधी चालणं सुधारा, नाचायला निघाल्यासारख्या चालता! बिचारी किती दिवसांनी हसली.

नाताळला जमणार नाही. रागावू नकोस. मठ माणसांनी भरलाय, पण मला भीती वाटते हे इथे कुणाला सांगू? सगळ्या माझ्याच तोंडाकडे पाहतात. तुला सांगितलं, हलकं वाटलं.

तुझी माया अशीच राहू दे.
पिरोश्का

बुडापेस्ट, २० एप्रिल १९४५

आदरणीय एतेल्काबाईंना नमस्कार.

मी ब्लांका. सिस्टर हेडविग यांची बातमी तुम्हाला कळवायचं काम मी मागून घेतलं. डिसेंबरात कुणीतरी चुगली केली. हिरव्या शर्टवाल्यांनी सगळ्या नन्सना प्रार्थनागृहात गुडघ्यांवर बसवलं. यांच्यात एक ज्यू आहे, ती पुढे येऊ दे, नाहीतर सगळ्यांनाच नेतो, असं म्होरक्या ओरडला. मी उठत होते. सिस्टरांनी माझा खांदा दाबून मला बसवलं आणि ती मीच, म्हणत पुढे गेल्या. खात्री करायला त्याने ख्रिस्ती प्रार्थना म्हणायला लावली. त्या मधेच अडखळल्या, शब्द विसरल्या. तो हसला, त्याला पटलं.

त्याच संध्याकाळी डॅन्यूबच्या काठावर त्यांना गोळी घातली. देह मिळाला नाही. आम्ही बाकी सगळ्या वाचलो.

आपली क्षमा कशी मागू, कळत नाही.
ब्लांका

चेपरेग, ६ मे १९४५

चि. ब्लांका हिस आशीर्वाद.

खोटं कशाला लिहू? आधी तुझा राग आला. तू आहेस आणि माझी गेली. कित्येक दिवस पत्राला हात लावला नाही. मग मनात आलं, बोबडं बोलायची तेव्हापासून पाठ असलेली प्रार्थना मुद्दाम चुकताना पोरीला किती जड गेलं असेल.

तुझं कोण उरलंय, ते तू लिहिलं नाहीस. कुणी नसेल तर इकडे ये. पिरोश्का तिथे कशी राहायची, कुणावर चिडायची, ते सांग. मला बरं वाटावं म्हणून नको, जसं होतं तसं. आणि बोलावंसं वाटलं नाही तरी ये. पलीकडच्या खोलीत कुणी खोकलेलं ऐकू आलं, तरी मला झोप लागेल.

तुझी,
एतेल्काताई