संत क्लारेची अंडी

कपाट अर्धं फिरलं आणि अडकलं. अंडी आतही जाईनात, बाहेरही येईनात. मी सवयीने क्रूसाची खूण केली आणि तुमच्यापैकी कुणी आतून आशीर्वाद देईल म्हणून थांबलो. आतून आमान्सिओ म्हणाला, "हात लावू नका, ते प्रदर्शनातलं आहे."

ताई, तुझे गुडघे कसे आहेत? नव्या मठात जिने कमी आहेत असं ऐकलं, बरं वाटलं. (हे आधी विचारायला हवं होतं. बेनिता म्हणते, माझा नवरा पत्राची सुरुवात भांडणासारखी करतो.)

झालं असं. उद्या आमच्या लेकीचं, लेओनोरचं लग्न, जेवण नदीकाठी उघड्यावर, आणि आकाश काळंकुट्ट. लेओनोरला हॉल नको, झाडंच हवीत. तेव्हा पाऊस येऊ नये म्हणून संत क्लारेला अंडी देणं आलंच. तुम्ही सगळ्याजणी गाव सोडून गेलात, मठाचं कलासंग्रहालय झालं, हे मी बेनिताला सांगून पाहिलं. ती म्हणाली, "मठातल्या बहिणी गेल्या, पण संत कुठे गेली? ती काय ट्रकमध्ये बसली होती?" भिंतीतल्या त्याच फिरत्या कपाटात, जिथून तुम्ही सगळ्या गावाची अंडी घेतलीत, मी आमची ठेवली.

आमान्सिओने (तोच, पाववाल्याचा मुलगा, आता संग्रहालयाच्या गणवेशात आहे आणि मला 'अहो' म्हणतो) नियम सांगितला. कपाट फिरवायला बंदी आहे. अंडी काढायची तर ते परत फिरवावं लागेल, म्हणजे दुसरा गुन्हा. संचालिकाबाई उद्या येतील, त्या ठरवतील. तोवर आत येऊन बघा म्हणाला.

ताई, तीस वर्षं मी मठाच्या भेटीच्या खोलीत जाळीच्या अलीकडे बसून तुझ्या आवाजाशी बोललो. आत अंधार असेल असं धरून चाललो होतो. अंधार नाही. ढगाळ दिवशीही ओवरीच्या कमानी दुधासारख्या उजळतात. जेवणघरात भिंतभर चित्र आहे, क्लारा पावाला आशीर्वाद देते ते. एका पावाच्या कडेला पीठ लागलंय. मी पुसायला हात पुढे केला. (आमान्सिओ खोकला.) हे समोर ठेवून तुम्ही मसुराचं सूप प्यायचात, आणि मी घरी कोकरू खाताना तुझी कीव करायचो. वर तुझी खोली. आता तिथे लाकडाची एक लहानशी मारियामाता आहे, बाकी काही नाही. काही लागतही नाही. मी बराच वेळ बसलो. खिडकीतून आमची कपड्यांची दोरी दिसते. माझे पायजमे तू इतकी वर्षं पाहत होतीस आणि एका शब्दाने बोलली नाहीस. याला मी संयम म्हणतो.

खाली आलो तर संग्रहालय बघायला आलेले लोक अंड्यांचे फोटो काढत होते. एक बाई नवऱ्याला समजावत होत्या की हे आजच्या श्रद्धेवरचं भाष्य आहे. त्याने विचारलं, उकडलेली आहेत का. मी कच्ची म्हणालो. दोघांनी आदराने मान हलवली.

घरी बेनिताने विचारलं, "पोचली?"

"अर्धी."

"अर्धी अंडी की अर्धी वाट?"

तुझा भाऊ,
एलेउतेरिओ

ता. क. खरं काम असं की तुझ्या मठातल्या कोंबड्यांची अंडी आमच्या नावाने संत क्लारेपुढे ठेव. पत्र पोचेपर्यंत लग्न होऊन गेलेलं असेल, हे मला कळतं. संतांना टपालाची तारीख बघावी लागत नसेल.

ता. क. सकाळ झाली. पाऊस धो धो कोसळतोय. संचालिकाबाईंनी निरोप धाडला की ओवरीवर छप्पर आहे, टेबलं तिकडे आणा. नवरदेवाचे मित्र भिजत टेबलं नेत आहेत. लेओनोर दारात उभी राहून हसते आहे.