अखाजीला आणलेला निकाल

प्रिय नाना,

काल तुझं तेरावं झालं. माणसं जेवून गेली, भांडी घासून झाली, आणि मी उधन्याला माझ्या घरी परत आले. आता दुपार आहे. मंदा शाळेत गेलीय, तिचे बाबा दिवसपाळीला आहेत, आणि मी तिच्याच वहीची मधली पानं काढून तुला लिहायला बसलेय. तू असताना लिहायला हवं होतं. पण तेव्हा मला ठाऊक कुठं होतं? ठाऊक झालं ते तुझ्या दहाव्याला!

आपल्या घरात बापाला 'तू'च म्हणतात, म्हणून इथंही तूच म्हणणार आहे. तसाही आज मान द्यायच्या मनःस्थितीत मी नाही.

तर ऐक. दहाव्याला आपल्या लिंबायतच्या घरात बायका बसल्या होत्या. शेजारच्या सखूमावशी डोळे पुसत म्हणाल्या, "काय मानूस व्हता! जनममा कधी खोटं बोलना नही." आई चहाचं पातेलं उतरवत होती. मान वर न करता ती म्हणाली, "येकच डाव बोलनात. हाई लीलाले. सहावीमा पास व्हयेल व्हती पोर, दुसरा नंबर उना व्हता. आनि तिले सांगं, नापास व्हयनी."

आणि चहा गाळायला लागली! चहात साखर कमी पडलीय, असं सांगावं तसं सांगून मोकळी झाली. बायका थोड्या हसल्यासुद्धा. "बापनी माया," असंही कोणी म्हणालं. माझ्या हातात कपबशा होत्या. त्या खाली ठेवल्या आणि मी मोरीत जाऊन उभी राहिले.

नाना, तेरा वर्षं तू मला नापास ठेवलंस?

तो दिवस तू विसरला असशील, मी नाही विसरले. आपली गल्ली म्हणजे कापडाच्या कामाला इथं आलेलं आपलं अर्धं गावच होतं. अखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली की सगळ्या बायका-पोरांची गाठोडी बांधून व्हायची आणि गल्ली भुसावळच्या गाडीत बसायची. शाळेचा निकाल नेमका त्यानंतर लागायचा. तुला सणाच्या दिवसापर्यंत सुट्टी नसायची आणि तुला वाचता येत होतं, म्हणून गल्लीतल्या सगळ्या पोरांचे निकाल शाळेतून तूच घ्यायचास आणि सणाला गावी आणायचास. तू दिसलास की आम्ही पोरी झोके सोडून धावायचो. केवढा रुबाब होता तुझा त्या दिवशी!

त्या वर्षी तू एकेकाचं नाव घेतलंस. सखूमावशींची सुशी पास. बाकीची पोरं पास. माझं नाव आलंच नाही. मग तू मला गोठ्यामागं नेलंस आणि खांद्यावर हात ठेवलास. असा हात तू एरवी कधी ठेवायचा नाहीस.

"लीला, तू नापास व्हई गयी. रडू नको. मी कोनले सांगाव नही. तू बी सांगू नको."

मी तुझ्या पाया पडले होते, नाना! आठवतंय? मला वाटलं, केवढा मोठा बाप आहे माझा, पोरीची लाज पदरात घेतोय. तेरा वर्षं मी तुझे उपकार मानले. या एका गोष्टीचा राग बाकी सगळ्यापेक्षा जास्त आहे.

जूनमध्ये सुशी सातवीत गेली. पुन्हा सहावीत बसायची मला लाज वाटली, मी घरी राहिले. गल्लीत कोणी विचारलं तर तू सांगायचास, की धाकट्या भावाला सांभाळायला ठेवलीय. मला वाटायचं, नाना माझी अब्रू झाकायला थाप मारतोय. उलटंच होतं की! खरं होतं ते गल्लीला सांगत होतास आणि थाप मला मारली होतीस.

आमच्या सहावीच्या बाई एकदा बाजारात भेटल्या. "अगं लीला, येत का नाहीस तू?" म्हणून त्यांनी हाक मारली. मी पिशवी टाकून पळाले. मला वाटलं, चारचौघांत लाजवतायत. आज कळतंय, बाई मला शाळेत परत बोलवत होत्या. मी दोन मिनिटं थांबले असते तर? हा प्रश्न तुझ्या दहाव्यापासून डोक्यात बसलाय, जात नाही.

घरची अवस्था मला कळत नव्हती असं वाटलं का तुला? धागा मिळत नव्हता, सेठनं तू चालवायचास त्या चार लूम्सपैकी दोन बंद ठेवले होते. कापड विणलं तर मजुरी, नाहीतर काही नाही. रेशनची ती लाल ज्वारी खाऊन आईचं दूध आटलं होतं आणि विलास चार महिन्यांचा असून दोन महिन्यांचा दिसायचा. तू गल्लीत सगळ्यांशी हसून बोलायचास आणि उंबरा ओलांडला की गप्प. एकदा माझ्या हातून रॉकेल सांडलं, तर तू मला बडव बडव बडवलंस. मग स्वतःच दारात जाऊन बसलास आणि जेवला नाहीस. मी लहान होते, पण एवढं समजत होतं की हा राग रॉकेलचा नाही.

आई बॉबिनवर धागा भरायला कारखान्यात जायला लागली म्हणून घर तगलं. आणि आईला जाता आलं, कारण विलास माझ्या मांडीवर होता. कापसाच्या बोळ्यानं शेळीचं दूध पाजून मी त्याला वाढवलं. आज तो आठवीत आहे, तुझ्यासारखाच तिरका भांग पाडतो. त्याच्यावर माझा काडीचा राग नाही. तो जगला याचा आनंदच आहे.

पण मला विचारायचंस ना! "लीला, घरात काही नाही, आई कामावर गेली तरच बाळ जगेल, तू घरी राहा." एवढंच. मी रडले असते, आदळआपट केली असती, दोन दिवस तुझ्याशी बोलले नसते. पण राहिले असते. आणि शाळा सुटली तरी मी हुशार आहे, हे माझ्याजवळ राहिलं असतं.

मी आईला विचारलं, असं का केलं नानानं? ती म्हणाली, "शायासाठे रडती तू. त्यासले ते देखवतं नही." वा रे वा! माझं रडणं तुला बघवलं नसतं, म्हणून मला मठ्ठ ठरवलंस?

त्यानं काय झालं माहीत आहे? डॉक्टरनं चिठ्ठी दिली की मी ती शेजारणीला वाचायला देते. मला वाचता येतं, नाना. पण वाटतं, आपण काहीतरी चुकीचं वाचू आणि पोरीला भलतंच औषध पाजू. बघायला पाहुणे आले तेव्हा फसवून लग्न नको, म्हणून मीच सांगितलं होतं की सहावीत नापास झाले. तू समोर होतास. पान लावत होतास! तेव्हा तरी तोंड उघडायचंस. मंदाचे बाबा आजही हसत हसत म्हणतात, "आमच्या नापास बाईंना विचारा." मीही हसते.

आणि गेल्या महिन्यात, मी तुझ्या छातीला तेल चोळत होते तेव्हा तू म्हणालास, "मंदाना अभ्यास तूच घे ना. शेजारीनकडे तिले कसाले धाडस?" मी म्हटलं, "माले कोठे येस, नाना?" तू भिंतीकडे तोंड फिरवलंस. मला वाटलं, कळ आली. मी आणखी जोरात तेल चोळलं.

त्या वेळी सांगायला किती श्वास लागला असता रे?

माफ केलं, असं लिहून पत्र संपवावं असं मनात होतं. नाही जमत. तू वाईट नव्हतास, हे मला माहीत आहे. तू घाबरलेला होतास. पण घाबरलास तू आणि नापास झाले मी.

आता एक शब्द देते तुला. आजपासून मंदाचा अभ्यास मी घेणार. आमचेही दिवस फिरतील, तिच्या बाबांचेही लूम कधी बंद पडतील. तिला घरी बसवायची वेळ माझ्यावर येणारच नाही, असं मी छातीठोक सांगत नाही. गरिबी काय असते ते मी पाहिलंय. पण तशी वेळ आलीच, तर मी तिला समोर बसवीन आणि सांगेन की घरात नाही. तुझ्यात नाही, असं कधी सांगणार नाही. तिला रडू देईन, आणि तिचं रडणं बघत तिथंच बसेन.

तुझी,
सहावी पास,
लीला